वडिलांची जलरंगातली निसर्गचित्रं ऑनलाइन विकता येतील का? कुठे आणि किती किमतीला?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: वडील हायस्कुलातून निवृत्त झालेले कलाशिक्षक, कपाटात जलरंगातल्या निसर्गचित्रांचा गठ्ठा, त्यात वाई, मेणवली आणि कोकण जास्त. मुंबईच्या जहांगीर आर्ट गॅलरीत प्रदर्शनाची तारीख मिळेपर्यंत वर्षानुवर्षं थांबायची त्यांची आता तयारी नाही. मग ऑनलाइन कुठे टाकावीत, किंमत किती लावावी आणि कुणी फसवणार तर नाही ना?

विकता येतील. मीही जलरंगातच काम करतो आणि माझी बरीचशी विक्री आता घरूनच होते. पण साइटवर चित्र टाकलं की गिऱ्हाईक आपोआप येतं, हे डोक्यातून काढून टाका. तिथे लाखो चित्रं पडून असतात. अनोळखी माणसाला पैसे भरायचा भरवसा वाटतो आणि कुरिअरची डोकेदुखी कमी होते, साइटचा खरा उपयोग एवढाच. गिऱ्हाईक बहुतेक वेळा आपणच आणायचं असतं. म्हणून परदेशातला ग्राहक साइटवरून आणि देशातला थेट, असं मी ठरवून टाकलंय.

तुमच्या बाबतीत तर देशातलं गिऱ्हाईक शोधायचीही गरज नाही. वडिलांनी इतकी वर्षं शिकवलं, त्यांचे विद्यार्थी आज पुण्या-मुंबईत, बंगळुरात, न्यू जर्सीत स्थिरावलेले असणार. शाळेच्या माजी विद्यार्थ्यांचा व्हॉट्सॲप ग्रुप असतोच असतो. त्यात सरांचं एक चित्र, खाली जागा, वर्ष, आकार आणि किंमत, एवढंच टाका. किंमत लिहायला लाजू नका. ‘किमतीसाठी मेसेज करा’ म्हटलं की अर्धे लोक विचारतच नाहीत.

परदेशासाठी दोन नावं पुरेत. साची आर्ट ही मूळ चित्रं विकणारी साइट, ती विक्रीतले 40 टक्के स्वतःकडे ठेवते. कुरिअरचा खर्च ग्राहक देतो, कुरिअर ते ठरवतात, पॅकिंग मात्र आपलं. चित्र परत करायची मुदत संपल्याशिवाय पैसे हातात येत नाहीत. एट्सी ही हस्तकलेच्या वस्तूंची साइट, तिथे प्रत्येक चित्र मांडायला 0.20 डॉलर लागतात, तेही चार महिन्यांपुरते, आणि विक्री झाली की किंमत आणि पाठवणीचा खर्च मिळून जी रक्कम होते तिच्यावर 6.5 टक्के. पैसे स्वीकारण्याचं शुल्क वेगळं. एट्सी स्वस्त आहे, पण तिथे चित्राशेजारी मेणबत्त्या आणि कानातले असतात, त्यामुळे क्वार्टर शीटची (पूर्ण कागदाच्या चौथाईची) छोटी चित्रं आणि प्रिंट तिथे ठेवा, मोठी साचीवर. 40 टक्के ऐकून वडील चिडतील. त्यांना सांगा, खाजगी गॅलऱ्याही काही कमी घेत नाहीत.

(सॅफ्रनआर्ट या लिलावसंस्थेत 2021 साली दिवंगत चित्रकार वासुदेव गायतोंड्यांचं चित्र 39.98 कोटींना गेलं, ही बातमी कुणीतरी तुम्हाला हमखास पाठवेल. ती पुनर्विक्रीची बाजारपेठ आहे, तिचा आपल्याशी संबंध नाही.)

किंमत चौरस इंचावर लावा. हाफ शीट म्हणजे 15 बाय 22, एकूण 330 चौरस इंच. नवख्या विक्रेत्याला 25 रुपये इंच हा दर मला ठीक वाटतो, म्हणजे 8,250 रुपये. त्यातले 40 टक्के, 3,300, साइटने कापले की उरतात 4,950, आणि त्यातून पॅकिंग. एवढ्याला चित्र द्यायला मन घेत नसेल तर दर आत्ताच वाढवा, पण सगळीकडे सारखाच ठेवा. थेट घेणाऱ्याला पाच हजार आणि साइटवर आठ, असं केलंत तर ग्राहक मोबाइलवर दोन मिनिटांत पकडतो. क्वार्टर शीटचा दर थोडा चढा लावायला हरकत नाही, आकार निम्मा झाला म्हणून मेहनत निम्मी होत नाही.

निवड करताना कठोर व्हा. जुन्या कागदावर बुरशीचे तपकिरी ठिपके आले असतील तर ते चित्र घरात ठेवा, विकू नका. शाळेच्या रंगपेटीतल्या स्वस्त रंगांनी केलेली कामंही बाजूला काढा, त्यातला गुलाबी आणि जांभळा उजेडात उडतो आणि दोन वर्षांनी ग्राहकाचा फोन येतो.

‘निसर्गचित्र 14’ असली शीर्षकं नकोत. ‘मेणवलीचा घाट, सकाळ’ असं लिहा, आणि खाली दोन ओळी: मागे नाना फडणवीसांचा वाडा, घाटावर वसईच्या मोहिमेतून आलेली पोर्तुगीज घंटा. परदेशातला मराठी माणूस आपल्या गावाचं, आजोळचं नाव टाकून शोधतो, आणि असा माणूस घासाघीसही करत नाही.

फोटो उन्हात काढू नका. गच्चीच्या सावलीत किंवा उत्तरेच्या खिडकीशी चित्र भिंतीला सपाट टेकवा, फ्रेमची काच काढा, मोबाइल चित्राच्या मध्याच्या उंचीवर धरा. जवळून काढला की कडा फुगतात, म्हणून दोन पावलं मागे जाऊन झूम करा. रंगवलेल्या भागाबाहेरची कोऱ्या कागदाची किनार फोटोत राहू द्या. ती पिवळी किंवा निळी दिसली तर रंग चुकलेत हे लगेच कळतं. एक फोटो सहीच्या कोपऱ्याचा, कागदाची पोत दिसेल इतक्या जवळून.

आता पॅकिंग, कारण बहुतेक नुकसान इथेच होतं. फ्रेम करून पाठवू नका. काच फुटते ती फुटतेच, शिवाय कुरिअरवाले वजन आकारमानावर धरतात: लांबी, रुंदी, उंची सेंटिमीटरमध्ये गुणून साधारणपणे 5,000 ने भागायचं. काचेची फ्रेम आणि खोका 85 बाय 65 बाय 15 झाला की तो साडेसोळा किलो धरला जातो, प्रत्यक्षात चार किलो असला तरी. तेच हाफ शीट नुसतं सपाट, 65 बाय 45 बाय 5 मध्ये, तीन किलोच्या आत बसतं. आधी चित्रावर बटर पेपर नाही, ग्लासाइन हा पातळ, गुळगुळीत कागद. मग कोपऱ्यांना कागदाचे खिसे करून चित्र सनबोर्डवर (हलक्या, कडक फोम बोर्डवर) अडकवा, चित्राला चिकटपट्टी लावू नका. वरून दुसरा सनबोर्ड, मग प्लॅस्टिकची सीलबंद पिशवी, आत सिलिका जेलची पुडी, आणि बाहेरून दोन्ही बाजूंना पातळ प्लायवूड. प्लायवूड सनबोर्डपेक्षा चहूबाजूंनी दोन बोटं मोठं हवं, म्हणजे कोपऱ्यावर आपटलं तरी मार त्याला बसतो. फुल शीट असेल तर जाड पीव्हीसी पाइपात, चित्राची बाजू बाहेर ठेवून सैल गुंडाळी. पावसाळ्यात मी शक्यतो पाठवतच नाही.

परदेशी पार्सलच्या बिलावर ‘हाती रंगवलेलं मूळ जलरंगचित्र’ असं इंग्रजीत आणि 9701 हा सीमाशुल्काचा कोड लिहा. अमेरिकेत 800 डॉलरपर्यंतच्या पार्सलला मिळणारी आयात शुल्काची सूट 29 ऑगस्ट 2025 पासून बंद आहे, त्यामुळे ‘गिफ्ट’ लिहून निभावत नाही. आपल्याकडे चित्रांवरचा जीएसटी 22 सप्टेंबर 2025 पासून 12 वरून 5 टक्क्यांवर आलाय. नोंदणी कधी लागते हे मात्र सीएकडून लिहून घ्या, परराज्यातला ग्राहक आला की नियम बदलतात. पेपालवर देशातले पैसे 1 एप्रिल 2021 पासून घेता येत नाहीत, ते फक्त परदेशासाठी.

फसवणुकीचे प्रकार ठरलेले आहेत. गोड इंग्रजीत मेल येतो: माझ्या बायकोला तुमची साइट फार आवडली, वाढदिवसाला सरप्राइज द्यायचंय, आम्ही घर बदलतोय, आमचा माणूस येऊन चित्र नेईल. मग जास्त रकमेचा चेक येतो आणि वरचे पैसे ‘त्या माणसाला’ पाठवायला सांगतात. चेक पुढे वटत नाही. दुसरा प्रकार देशी, गिऱ्हाईक स्वतःला लष्करातला साहेब म्हणवतो आणि ‘पैसे पाठवतोय’ म्हणत क्यूआर कोड पाठवून तो स्कॅन करायला आणि पिन टाकायला सांगतो. पैसे घेताना यूपीआय पिन कधीच लागत नाही. वडिलांच्या फोनवर हे चिकटवून ठेवा, शेजारी 1930 हा हेल्पलाइन नंबरही.

आणखी एक. चित्र विकलं म्हणजे छापायचा हक्क विकला असं होत नाही, तो लेखी दिल्याशिवाय वडिलांकडेच राहतो. दिवाळी अंकाचं मुखपृष्ठ किंवा कॅलेंडरसाठी कुणी मागितलं तर त्याचे पैसे वेगळे घ्या. उलट कुणी पैसे देऊन स्वतःचं पोर्ट्रेट करून घेतलं, तर वेगळा करार नसल्यास 1957 च्या कायद्याने कॉपीराइट त्या ग्राहकाचा होतो. तेव्हा असं काम घेतलं तर आधी साध्या कागदावर दोन ओळी लिहून दोघांच्या सह्या घ्या.

निवडलेल्या पाच-सहा चित्रांचे फोटो आणि आकार इथे कॉमेंटमध्ये टाकलेत तर किमतीबद्दल नक्की सांगेन.