फळं म्हणजे साखरच का? हाय-प्रोटीन डाएट आणि शुगरच्या काठावर असलेल्यांसाठी

प्रश्न थोडक्यात असा आहे की तुम्ही जिम सुरू केलीय, दिवसाला १२० ग्रॅम प्रोटीनचं टार्गेट आहे, आईंचं एचबीएवनसी (गेल्या दोन-तीन महिन्यांची सरासरी शुगर दाखवणारी रक्ततपासणी) ६.१ आलंय, आणि तुमचा ट्रेनर म्हणतो फळं म्हणजे साखरच, घरात आणूच नका. तर स्मूदी चालेल का, आणि मुळात फळंच दोघांनी बंद करायची का? माझं मत, अजिबात करू नका. पण तुमचं गणित वेगळं आणि आईंचं वेगळं, म्हणून आधी तुमचं उरकून घेतो, ते सोपं आहे.

फळांत प्रोटीन नसतं हे ट्रेनरचं खरंच आहे. मध्यम केळ्यात जेमतेम १ ग्रॅमच्या वर, सफरचंदात अर्धा ग्रॅम, आणि ज्याचं एवढं कौतुक होतं त्या पेरूतसुद्धा १०० ग्रॅमला अडीच ग्रॅमच्या आसपास. त्यामुळे 'भरपूर प्रोटीन असलेली १० फळं' अशा याद्या फिरतात त्या सरळ स्क्रोल करून पुढे जा. पण १२० ग्रॅम प्रोटीन म्हणजे ४८० कॅलरी झाल्या, दिवसाला २००० खात असाल तर १५०० उरतात, प्रोटीनसोबत येणारं फॅट त्यातून वजा केलं तरी दोन सफरचंदांच्या १९० कॅलरी त्यात बसणार नाहीत असं होत नाही. आणि हाय-प्रोटीनवाल्यांची खरी बोंब सकाळी बाथरूममधे असते, कारण चिकन अंडी मासे यात फायबर शून्य, व्हे पावडरमधे (दुधापासूनची प्रोटीन पावडर) नसल्यात जमा, आणि पोट साफ होत नाही म्हणून लोक मग चूर्णं शोधत बसतात. १०० ग्रॅम पेरूत ५ ग्रॅमच्या वर फायबर आहे, सालासकट सफरचंदात ४ ग्रॅमच्या वर. फळाकडून हे काम करून घ्या, प्रोटीन दुसरीकडून येऊ दे. हां, कडक किटो (कार्ब जवळपास बंद करणारं डाएट) करत असाल तर गोष्ट वेगळी, तिथे एका केळ्याचे २७ ग्रॅम कार्ब म्हणजे दिवसाचा निम्मा किंवा सगळा कोटाच संपतो, मग स्ट्रॉबेरी आणि अव्होकाडो एवढ्यावरच भागवावं लागतं.

आता आई. ६.१ म्हणजे प्रीडायबेटिस, डायबेटिसच्या अलीकडची पायरी (५.७ ते ६.४ हा तो पट्टा), म्हणजे काळजी घ्यायची पण घाबरून ताटातलं सगळं काढून टाकायचं नाही. घोळ बहुतेक वेळा ग्लायसेमिक इंडेक्सच्या तक्त्यांमुळे होतो. ही कल्पना १९८१ मधे टोरांटो विद्यापीठातल्या डेव्हिड जेन्किन्स आणि सहकाऱ्यांनी मांडली, पण त्यात मोजतात ते ५० ग्रॅम कार्ब पोटात गेल्यावर शुगर किती चढते ते, शुद्ध ग्लुकोजला १०० धरून. आता कलिंगडाचा आकडा बऱ्याच तक्त्यांत सत्तरीच्या पुढे दिसतो आणि लोक दचकतात, पण कलिंगडात १०० ग्रॅमला साडेसात ग्रॅम कार्ब, म्हणजे ५० ग्रॅम व्हायला साडेसहाशे ग्रॅमच्या वर गर खावा लागेल, एका बैठकीत तेवढं कोण खातं? आकड्यासोबत वाटी केवढी आहे तेही बघायचं, ग्लायसेमिक लोड म्हणतात ते हेच.

खरा फरक पडतो तो फळ कुठल्या रूपात पोटात जातं त्याने. १९७७ चा एक जुना प्रयोग मला फार आवडतो, लोकांना अख्खी सफरचंदं, त्यांचाच लगदा आणि त्यांचाच ज्यूस असं दिलं, कार्ब सगळ्यात सारखे. ज्यूस पटकन पिऊन झाला, पोट कमी भरलं, इन्सुलिन जास्त उसळलं आणि नंतर शुगर जास्त खाली घसरली. जागतिक आरोग्य संघटनेची २०१५ ची साखरेची मर्यादासुद्धा ज्यूस आणि मधातली साखर मोजते, अख्ख्या ताज्या फळातली मोजत नाही. डेन्मार्कमधे तर नुकताच टाइप २ डायबेटिस निघालेल्या ६३ जणांवर ट्रायल झाली (२०१३ मधे छापून आली), निम्म्यांना सांगितलं दिवसाला दोनपेक्षा जास्त फळं नकोत, निम्म्यांना सांगितलं किमान दोन खाच, १२ आठवड्यांनी एचबीएवनसी दोन्हीकडे कमी झालं आणि दोघांत म्हणावा असा फरक नव्हता. ट्रायल छोटी होती हे खरं, पण 'फळाने शुगर बिघडते' म्हणणाऱ्याने निदान एवढं तरी दाखवावं ना.

म्हणून आईंसाठी मी सांगेन की ज्यूस बंद, 'शुगर फ्री' आणि 'नॅचरल' लिहिलेलासुद्धा, मनुका खजूर चमच्याने मोजून कारण पाणी उडालं की मनुकांत १०० ग्रॅमला जवळपास ७९ ग्रॅम कार्ब होतात, आणि ताजं फळ एका वेळी साधारण १५ ग्रॅम कार्बचं, म्हणजे छोटं सफरचंद किंवा अर्धं केळं किंवा पंधराएक द्राक्षं. केळं फार पिकलेलं नको, पिकताना त्यातल्या स्टार्चची साखर होत जाते. फळ जेवणानंतर हवं असेल तर तेवढा भात किंवा ब्रेड ताटातून कमी करायचा, नाहीतर ती नुसती भर होते. मधल्या वेळेला खाणार असतील तर सोबत मूठभर बदाम किंवा घट्ट दही, शुगर सावकाश चढते. आणि घरी ग्लुकोमीटर असेल तर खाण्याआधी आणि खायला सुरुवात केल्यापासून २ तासांनी बघा, एकच फळ, तेवढंच वजन, एकदा नुसतं आणि एकदा दह्यासोबत, कुठल्याही तक्त्यापेक्षा हे जास्त कामाचं कारण प्रत्येकाचं शरीर वेगळं वागतं.

आईंना किडनीचा त्रास असेल तर मात्र पोटॅशियममुळे फळं डॉक्टरांना विचारूनच ठरवा. कोलेस्टेरॉलची गोळी चालू असेल तर ग्रेपफ्रूटबद्दल (द्राक्ष नव्हे, संत्र्याच्या जातीचं कडसर फळ) नक्की विचारा, सिमव्हास्टॅटिनसारख्या काही गोळ्यांचं रक्तातलं प्रमाण त्याने वाढतं.

स्मूदीचं तुम्ही विचारलंय, त्यात चोथा राहतो म्हणून ज्यूसपेक्षा बरी, फक्त मिक्सरमधे तीन केळी कधी गेली ते कळत नाही तेवढं सांभाळा. आणि त्यात दही दूध घालणार असाल तर ताजी किवी किंवा अननस आदल्या रात्री मिसळून ठेवू नका, त्यातली एन्झाइम्स दुधातलं प्रोटीन फोडतात आणि सकाळी सगळं कडू होऊन बसतं, प्यायच्या वेळीच घाला.