आरोग्य प्रश्नोत्तरे (ऑगस्ट 2022): कोविड होऊन गेला, आता बूस्टर घेऊ का?

प्रश्न : वय 67, मधुमेह आहे. कोविशील्डचा दुसरा डोस गेल्या नोव्हेंबरात घेतला. जूनच्या सुरुवातीला कोविड झाला, दोन दिवस ताप होता. मुलगा म्हणतो, ‘होऊन गेलाय, आता लस कशाला?’ डॉक्टरताई, काय करू?
— एक वाचक, कराड

उत्तर : काका, घ्या. फक्त आज नको. बरे झाल्यावर तीन महिने जाऊ द्यायचे असतात, म्हणजे सप्टेंबरच्या मध्यावर जा. दुसऱ्या डोसनंतरचे सहा महिने तुमचे केव्हाच उलटलेत.

मुलाचं म्हणणं अगदीच चूक नाही. आजारानेही प्रतिकारशक्ती येते. पण ती हळूहळू ओसरते, आणि साठीपुढे साखर असलेल्या माणसाला मी तेवढ्यावर सोडणार नाही. बूस्टरनंतरही सर्दी-ताप येऊ शकतो. मला तुमचं ऑक्सिजन लागण्यापर्यंत जाणं टाळायचंय. दंड दुखेल, कणकण येईल. पॅरासिटामॉल घ्या, मधुमेहाच्या गोळ्या चुकवू नका. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल, तर टोचण्याआधी नर्सला सांगा.

आणि मुलालाही विचारा, त्याचा बूस्टर झालाय का? 18 ते 59 वयाच्यांना 15 जुलैपासून 75 दिवस सरकारी केंद्रांवर तो मोफत आहे.