काऊन्सिलची नोटीस आली आहे, नव्या खिडक्या काढाव्या लागतील का?

प्रश्न: आम्ही इंग्लंडमध्ये मिडलंड्सच्या एका शहरात राहतो. 2021 मध्ये इथे साधारण 1890 च्या सुमाराचं टेरेस हाऊस (एकमेकांना जोडलेल्या घरांच्या रांगेतलं घर) घेतलं. घर फ्रीहोल्ड (जमिनीसह मालकीचं) आहे, लिस्टेड (वारसा यादीतलं) नाही, पण कॉन्झर्वेशन एरियात (जुनं रूप जपण्यासाठी संरक्षित भागात) आहे. जुन्या लाकडी सॅश (वर-खाली सरकणाऱ्या) खिडक्यांमधून थंडीत वारा आत यायचा. सासूबाई पुण्याहून आमच्याकडे राहायला आल्या, त्यांना संधिवात आहे. म्हणून नोव्हेंबर 2024 मध्ये समोरच्या चार आणि मागच्या दोन खिडक्या काढून यूपीव्हीसीच्या (प्लॅस्टिकच्या) डबल-ग्लेझ्ड, म्हणजे दुहेरी काचेच्या, बसवल्या. 9,800 पौंड लागले. त्यातले 500 क्रेडिट कार्डाने आगाऊ दिले. ‘दिसायला तशाच असतील, परवानगी लागत नाही,’ असं कंपनीच्या माणसाने ईमेलमध्ये लिहिलं होतं. खिडक्या नियमानुसार बसवल्याचं फेन्सा सर्टिफिकेटही मिळालं. आता काऊन्सिलकडून ‘प्लॅनिंग कॉन्ट्राव्हेन्शन नोटीस’ आली आहे. आमच्याच रस्त्यावर कितीतरी घरांना प्लॅस्टिकच्या खिडक्या आहेत. मिस्टर म्हणतात, उत्तर देऊ नकोस, चार वर्षं गेली की काऊन्सिल काही करू शकत नाही. काढलेल्या खिडक्यांपैकी दोन शेडमागे पडून आहेत. जुन्या-नव्या खिडक्यांचे फोटो सोबत पाठवले आहेत. काय करावं?

उत्तर: सगळ्यात आधी नोटिशीवरची तारीख बघा. प्लॅनिंग कॉन्ट्राव्हेन्शन नोटिशीला 21 दिवसांत उत्तर द्यावं लागतं. उत्तर न देणं हाच गुन्हा आहे आणि जाणूनबुजून खोटं उत्तर देणं हा आणखी गंभीर गुन्हा आहे. मिस्टरांचं याबाबतीत ऐकू नका. ही नोटीस म्हणजे खिडक्या काढण्याचा हुकूम नाही. काम कधी झालं, कोणी केलं, घराचे मालक कोण, एवढी माहिती काऊन्सिल मागत आहे. जे खरं आहे ते थोडक्यात लिहा, बाजू मांडायचा मोह टाळा आणि पाठवल्याचा पुरावा ठेवा. आणि घाबरून कोणाला बोलावून खिडक्या उचकटूही नका.

चार वर्षांचा नियम तुम्हाला लागू नाही. बांधकामविषयक उल्लंघनाला पूर्वी चार वर्षांची मुदत होती, हे खरं. लेव्हलिंग-अप अँड रीजनरेशन ॲक्ट 2023 मुळे 25 एप्रिल 2024 पासून ती दहा वर्षं झाली. त्या तारखेपूर्वी जे काम जवळपास पूर्ण झालं होतं, त्यालाच जुनी मुदत मिळते. तुमचं काम नोव्हेंबर 2024 चं, म्हणजे काऊन्सिलला 2034 पर्यंत वेळ आहे. मराठी मंडळातल्या गप्पांमध्ये हा चार वर्षांचा सल्ला अजून सर्रास दिला जातो. तो आता जुना झाला आहे.

फेन्सा सर्टिफिकेट जपून ठेवा, घर विकताना लागेल. पण ते बिल्डिंग रेग्युलेशन्सपुरतं असतं. काच सुरक्षित आहे का, उष्णता किती अडते, हवा खेळती राहते का, एवढंच त्यात बघितलं जातं. घर बाहेरून कसं दिसतं हा प्लॅनिंगचा प्रश्न, आणि तो वेगळ्या कायद्याखाली येतो.

आता मुख्य मुद्दा. कॉन्झर्वेशन एरिया म्हटलं की प्लॅस्टिकला बंदी, असं बहुतेकांना वाटतं, आणि अर्धवट माहितीचे बिल्डरही तसंच सांगतात. कायदा तसा नाही. नुसतं कॉन्झर्वेशन एरियात घर असल्याने खिडकी बदलायला परवानगी लागत नाही. लिस्टेड नसलेल्या, एकाच कुटुंबाच्या घराला 2015 च्या जनरल परमिटेड डेव्हलपमेंट ऑर्डरनुसार खिडक्या बदलण्याची मुभा असते. अट अशी की बाहेरून वापरलेलं साहित्य घराच्या आधीच्या साहित्यासारखं दिसलं पाहिजे. सरकारच्या तांत्रिक मार्गदर्शिकेत यूपीव्हीसीचं उदाहरणच दिलं आहे: आकार, रंग आणि चौकटीची जाडी मुळाशी मिळतीजुळती असेल तर चालू शकतं. (ही मुभा घरांना आहे, फ्लॅटना नाही. जुन्या घराचे भाग पाडून केलेले फ्लॅट घेऊन राहणाऱ्या आपल्या पुष्कळ लोकांना हे ठाऊक नसतं.)

ही मुभा काऊन्सिल ‘आर्टिकल 4 डायरेक्शन’ नावाचा आदेश जारी करून काढून घेऊ शकते, आणि तुमच्या प्रकरणाचं सगळं भवितव्य इथे अडकलेलं आहे. तुमच्या रस्त्याला असं डायरेक्शन लागू आहे का? असेल तर ते फक्त रस्त्याकडे तोंड असलेल्या बाजूपुरतं आहे की सगळ्या घराला? डायरेक्शनची प्रत आणि सोबतचा नकाशा काऊन्सिलकडून लेखी मागवा. अनेक डायरेक्शन्स रस्त्याच्या बाजूपुरतीच असतात. तसं असेल तर मागच्या दोन खिडक्या या वादातून बहुधा सुटतात. 2021 मध्ये घर घेताना तुमच्या सॉलिसिटरने (वकिलाने) लोकल सर्चचे, म्हणजे काऊन्सिलच्या नोंदींच्या तपासणीचे, कागद पाठवले असतील, तेही काढा. त्यात आर्टिकल 4 ची नोंद असूनही तुम्हाला कोणी सांगितलं नसेल, तर त्या सॉलिसिटरकडे लेखी विचारणा करायला हवी.

आर्टिकल 4 नसेल, तर ‘सारखं दिसतं की नाही’ एवढाच वाद उरतो आणि तो लढवता येतो. असेल, तर समोरच्या चार खिडक्यांना परवानगी लागत होती हे धरून चला.

तुमचे फोटो मी नीट पाहिले. बंद असताना नवी खिडकी लांबून सॅशसारखी भासते, पण प्लॅनिंग ऑफिसर फुटपाथवरून बघतो. त्याला दिसतं ते असं. जुनी चौकट विटांच्या तोंडापासून बरीच आत बसवलेली होती, त्यामुळे खिडकीभोवती सावलीची कड पडायची; नवी जवळजवळ भिंतीच्या पातळीवर आली आहे. जुन्या खिडकीचे दोन्ही भाग कप्पी, दोरी आणि ओतीव लोखंडाच्या वजनांवर वर-खाली सरकायचे. नव्या खिडकीचा वरचा भाग बिजागरीवर बाहेर उघडतो, आणि सासूबाईंनी हवेसाठी तो किलकिला केला की रस्त्यावरून फरक लगेच कळतो. वर हवेसाठी आडवी प्लॅस्टिकची फट आहे. काचांमधल्या बारीक लाकडी पट्ट्यांच्या जागी दोन काचांच्या आत अडकवलेल्या पांढऱ्या पट्ट्या आहेत. वरच्या भागाच्या खालच्या कोपऱ्यांना जी लहान शिंगं असतात ती तेवढी नव्या खिडकीलाही दिली आहेत, पण वरून चिकटवलेली. यातला एखादाच फरक असता तर मी तुम्हाला जोराने लढा म्हणालो असतो. सगळे मिळून बाजू कमकुवत करतात.

रस्त्यावरच्या इतर प्लॅस्टिक खिडक्यांचा उपयोग आहे, पण तुम्हाला वाटतो तसा नाही. ‘त्यांनी केलं म्हणून आम्ही केलं’ हा बचाव चालत नाही. त्यांच्या खिडक्या डायरेक्शनच्या आधीच्या असतील किंवा मुदतीबाहेर गेल्या असतील. मात्र परवानगी द्यायची की नाही हे ठरवताना त्या भागाचं रूप जपलं किंवा सुधारलं जातं का, याकडे काऊन्सिलने विशेष लक्ष द्यावं असं 1990 च्या कायद्याचं कलम 72 सांगतं. रस्त्याचं आजचं रूप काय आहे, हा त्यातला खरा प्रश्न आहे. म्हणून एका सकाळी रस्त्याच्या दोन्ही बाजूंच्या प्रत्येक घराचा समोरून फोटो काढा, घरक्रमांकासह. गूगल स्ट्रीट व्ह्यूमध्ये जुन्या वर्षांची चित्रं बघता येतात, त्यावरून कोणत्या खिडक्या कधी बदलल्या याचा अंदाज येईल. शेजाऱ्यांची तक्रार म्हणून हे पाठवू नका. त्याने रस्त्यावरचे संबंध बिघडतील आणि तुमचं काही सुटणार नाही.

स्वतःच्या घराची खिडकी बदलायला काऊन्सिलला का विचारायचं, असा राग तुम्हाला आला असेल, तर तो मी समजू शकतो. पण 1967 च्या कायद्याने हे संरक्षित भाग सुरू झाले, तेव्हापासून त्यांचा हेतू एकेक इमारत जपण्यापेक्षा अख्ख्या रस्त्याचं रूप जपण्याचा आहे. तुमच्यासारख्या टेरेसमध्ये तीस घरांची एकच लय असते आणि ती दारं-खिडक्यांमधून दिसते. मुंबईतही 1995 पासून हेरिटेज नियमावली आहे. गिरगाव-दादरच्या जुन्या इमारतींमधल्या लाकडी खिडक्यांच्या जागी ॲल्युमिनियमच्या सरकत्या खिडक्या आल्यावर दर्शनी भाग कसा उघडा पडतो, हे आपण पाहिलं आहे. मला या नियमांमागचं कारण मनापासून पटतं, आणि तरीही तुमच्यासारख्या कुटुंबाला ते महाग पडतात हेही तितकंच खरं आहे.

आता पुढचा डाव. यात एक सापळा आहे आणि लोक घाईघाईत त्यात पाय देतात. काऊन्सिलचा ऑफिसर बहुधा म्हणेल, ‘झालेल्या कामाला मागाहून परवानगीचा अर्ज करा.’ तसा अर्ज कायद्याने करता येतो. पण 2024 च्या बदलांनंतर, असा अर्ज करून झाल्यावर काऊन्सिलने एन्फोर्समेंट नोटीस (उल्लंघन दुरुस्त करण्याचा हुकूम) काढली, तर त्या नोटिशीविरुद्धच्या अपिलात ‘परवानगी मिळायलाच हवी होती’ हा मुद्दा सहसा पुन्हा घेता येत नाही. म्हणजे परवानगीसाठी झगडण्याची संधी तुम्हाला एकदाच मिळते, आणि या खिडक्या आहेत तशा मंजूर करा म्हणत ती खर्ची घालणं मला योग्य वाटत नाही.

त्याऐवजी नोटिशीला उत्तर दिल्यावर ऑफिसरला भेटा आणि प्रस्ताव मांडा: समोरच्या चार खिडक्या लाकडी सॅशच्या, बारीक डबल-ग्लेझिंगच्या, मूळ मापाच्या आणि भिंतीत मूळ खोलीवर बसवलेल्या करू, मागच्या दोन राहू द्या, त्यासाठी अठरा महिने द्या. एन्फोर्समेंट हा काऊन्सिलच्या मर्जीचा विषय आहे, कारवाई करणं उचित वाटलं तरच ती करायची असते. मालक स्वतःहून वेळापत्रक देतो तेव्हा बरेच ऑफिसर ते ऐकून घेतात. जे ठरेल ते ईमेलवर पक्कं करून घ्या. जुन्या दोन खिडक्या शेडमागे पडून आहेत असं तुम्ही लिहिलंत, ते फार चांगलं झालं. त्या आधी ताडपत्रीखाली ठेवा. त्या दुरुस्त होतील, आणि नाही झाल्या तरी सुताराला पट्ट्यांची जाडी, शिंगांचा आकार आणि खाचेची खोली त्यांच्यावरून घेता येईल.

एन्फोर्समेंट नोटीस खरोखरच आली, तर ती लागू होण्याच्या तारखेआधी अपील पोहोचलं पाहिजे. ही मुदत किमान 28 दिवसांची असते आणि ती चुकली तर वाढवून मिळत नाही. अपील दाखल झालं की निकाल लागेपर्यंत नोटीस थांबते. परवानगीचा मुद्दा नसला तरी ‘सांगितलेला उपाय गरजेपेक्षा जास्त आहे’ आणि ‘दिलेला वेळ अपुरा आहे’ हे दोन मुद्दे तुमच्या कामाचे आहेत. अंतिम झालेली नोटीस न पाळणं मात्र गुन्हा आहे आणि त्याच्या दंडाला वरची मर्यादा नाही. तिथपर्यंत जाऊ देऊ नका.

सासूबाईंच्या थंडीचं काय? राष्ट्रीय नियोजन धोरण घरांच्या ऊर्जाबचतीला वजन देतं, तेव्हा प्रस्तावात त्यांच्या आजाराचा उल्लेख जरूर करा आणि डॉक्टरांचं पत्र जोडा. पण ऊब प्लॅस्टिकनेच मिळते असं दाखवता येणार नाही, कारण दुसरे मार्ग आहेत. सॅशच्या फटींना ब्रशची पट्टी लावली की वारा बराच थांबतो. आतल्या बाजूने बसवलेल्या, लो-ई (उष्णता अडवणाऱ्या) काचेच्या सेकंडरी ग्लेझिंगमुळे, म्हणजे जादा खिडकीमुळे, खिडकीतून जाणारी उष्णता 60 टक्क्यांहून अधिक घटू शकते, असं हिस्टॉरिक इंग्लंडचं मार्गदर्शन सांगतं. लिस्टेड नसलेल्या घरात त्याला प्लॅनिंग परवानगी लागत नाही, कारण काम पूर्णपणे आतलं असतं. सासूबाईंच्या खोलीची खिडकी सगळ्यात शेवटी बदलायची आणि ती उन्हाळ्यात, हे वेळापत्रकातच लिहून घ्या.

आणि पैसे. कंपनीचा तो ईमेल हा तुमच्या हातातला सगळ्यात मोलाचा कागद आहे. कंझ्युमर राइट्स ॲक्ट 2015 च्या कलम 50 नुसार, विक्रेत्याने सेवेबद्दल सांगितलेल्या ज्या गोष्टीवर विसंबून ग्राहक निर्णय घेतो, ती कराराचा भाग बनते. ‘परवानग्या ही ग्राहकाची जबाबदारी’ असं करारात मागे बारीक अक्षरांत असेल, तरी त्या आड लपणं कंपनीला सोपं जाणार नाही. शिवाय वस्तूची किंमत 100 पौंडांहून जास्त आणि 30,000 पर्यंत असेल, तर कंझ्युमर क्रेडिट ॲक्ट 1974 च्या कलम 75 खाली कार्ड देणारी बँकही कंपनीइतकीच जबाबदार असते, मग कार्डाने फक्त 500 पौंड दिलेले असले तरी. कंपनी उद्या बंद पडली तरी हा मार्ग खुला राहतो, त्यामुळे बँकेकडे दावा आताच नोंदवा.

मागणी मात्र मोजून करा. समोरच्या चार खिडक्यांची किंमत आणि त्या काढण्याचा खर्च मागता येईल. लाकडी खिडक्यांचा पूर्ण खर्च मिळणं कठीण आहे, कारण कंपनीने खरं सांगितलं असतं तरी तो तुम्हाला करावाच लागला असता, असं न्यायालय म्हणेल. 10,000 पौंडांपर्यंतचा दावा स्मॉल क्लेम्समध्ये (छोट्या दाव्यांच्या न्यायालयीन मार्गात) बसतो, तिथे वकिलाशिवाय जाता येतं आणि हरलात तरी समोरच्याच्या वकिलाची फी सहसा भरावी लागत नाही. करारभंगाच्या दाव्याला सहा वर्षांची मुदत आहे, तेव्हा न्यायालयात जायची घाई नाही. आधी कंपनीला लेखी कळवून दुरुस्तीची संधी द्या, आणि काऊन्सिलशी काय ठरलं हे कागदावर आल्यावरच रक्कम नक्की करा. यूपीव्हीसीच्या खिडक्या काढल्यावर दावा मिटेपर्यंत त्या टाकून देऊ नका. कंपनीचा तज्ज्ञ त्या बघायला मागू शकतो.