मराठी भटकंती ब्लॉगसाठी वर्डप्रेसचे कोणते प्लगइन घ्यावेत?

तुमच्या प्रश्नातून एवढं कळलं: किल्ले आणि घाटवाटांचा मराठी ब्लॉग, शेअर्ड होस्टिंगवर वर्डप्रेस, एकेका लेखात २५ फोटो, हॉटेलांच्या अ‍ॅफिलिएट (बुकिंगवर कमिशन देणाऱ्या) लिंक, आणि कुठल्याशा यादीतले ३० प्लगइन (वर्डप्रेसला जोडायच्या जादा सोयी) टाकावेत का हा पेच. टाकू नका. आठ-नऊ पुरतात. एका कामाला एकच प्लगइन ठेवा आणि वाचणारा कुठे आहे ते डोळ्यांसमोर आणा: पहाटे पाचला हरिश्चंद्रगडाच्या पायथ्याच्या बेलपाड्यात, रेंजची जेमतेम एक कांडी असताना, तो गडावर चढणाऱ्या नळीच्या वाटेवरचा तुमचा लेख उघडतोय.

म्हणून आधी फोटो. मोबाइलवरचा ४००० पिक्सेल रुंद फोटो ३ ते ५ एमबीचा असतो. तो तसाच चढवला की वर्डप्रेस १५०, ३००, ७६८, १०२४, १५३६, २०४८ आणि २५६० पिक्सेलच्या प्रती बनवतं, शिवाय मूळ फाइलही ठेवतं. म्हणजे एका फोटोच्या ८ फाइली, एका लेखाच्या २००. होस्टिंगची जागा आणि बॅकअप इथेच फुगतो. यावर प्लगइनपेक्षा चांगला उपाय चढवण्याआधीच आहे. एक्सएनकन्व्हर्ट या संगणकावरच्या ॲपमध्ये सगळे फोटो एकदम घ्या, लांब बाजू १६०० पिक्सेल, वेबपी (जेपीजीपेक्षा हलका फोटो-प्रकार), क्वालिटी ७५ ते ८० ठेवा आणि मेटाडेटा (फोटोसोबत साठवलेली माहिती) काढून टाका. बहुतेक फोटो १५० ते ३५० केबीत बसतात. मेटाडेटा काढल्याने फोटोत दडलेलं जीपीएस ठिकाणही जातं. गावात ज्यांच्याकडे उतरलात त्यांच्या घराचा पत्ता जगाला द्यायचं कारण नाही. वेबपी वर्डप्रेस ५.८ पासून सरळ चढतं. आधीच चढवलेल्या जुन्या फोटोंसाठी मात्र ईडब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू इमेज ऑप्टिमायझर लावा. तो तुमच्याच सर्व्हरवर काम करतो. लेझी लोडचा, म्हणजे वाचक खाली सरकेल तसे फोटो आणण्याचा, वेगळा प्लगइन नको, ती सोय ५.५ पासून वर्डप्रेसमध्येच आहे.

कॅशचा, म्हणजे तयार पान साठवून पटकन देणारा, प्लगइन होस्टिंग बघून ठरवा. सर्व्हर लाइटस्पीडचा असेल तर लाइटस्पीड कॅश, नाहीतर डब्ल्यूपी सुपर कॅश. दोन्ही कधीच नाहीत, कारण पान साठवणारे प्लगइन डब्ल्यूपी-कंटेंट फोल्डरमधल्या एकाच ॲडव्हान्स्ड-कॅश फाइलवर हक्क सांगतात. मग तुम्ही लेख दुरुस्त करता आणि वाचकाला जुनाच दिसत राहतो. तसं झालं तर दोन्ही बंद करा, ती फाइल फाइल मॅनेजरमधून पुसा आणि हवा तो एकच पुन्हा चालू करा.

नकाशा हा अशा ब्लॉगचा जीव. गूगलच्या नकाशाच्या प्लगइनला सहसा एपीआय की (गूगलकडून घ्यायचा परवान्याचा कोड) आणि बिलिंग खातं लागतं, म्हणून ओपनस्ट्रीटमॅप या खुल्या नकाशावर चालणारा लीफलेट मॅप घ्या. जोडीला एक्स्टेन्शन्स फॉर लीफलेट मॅप टाकला की जीपीएक्स ट्रॅक (चाललेल्या वाटेची जीपीएस नोंद) आणि चढ-उताराचा आलेखही दाखवता येतो. ट्रॅक मात्र साफ करून घ्या. दर सेकंदाला एक बिंदू धरला तर ६ तासांच्या चालीचे २१,६०० बिंदू होतात आणि साधा फोन अडकतो. जीपीएसबॅबेल या मोफत सॉफ्टवेअरने ते हजाराच्या आत आणा. एका पानावर एकच नकाशा. कॅशच्या प्लगइनमधला जावास्क्रिप्ट (पानावरचा चालता कोड) उशिरा आणण्याचा पर्याय चालू असेल तर नकाशाच्या जागी करडी चौकट दिसते. नकाशाची स्क्रिप्ट त्यातून वगळा. आणि पाण्याच्या जागा, फाटे, अक्षांश-रेखांश लेखात साध्या मजकुरातही लिहाच. रेंज गेली की नकाशा उमटत नाही, पण उघडलेला मजकूर वाचता येतो. नळीच्या वाटेवर चुकीचा फाटा परवडत नाही.

एसईओसाठी, म्हणजे गूगलच्या शोधात लेख नीट सापडावा म्हणून, योस्ट किंवा रँक मॅथ, दोघांपैकी एक. व्हॉट्सॲपवर लिंक टाकल्यावर दिसणारं चित्र यातूनच ठरतं. ते १२०० बाय ६३० पिक्सेल आणि ३०० केबीच्या आत ठेवा. इथे मराठीची एक खास अडचण आहे. लेखाच्या पत्त्यातलं प्रत्येक देवनागरी चिन्ह, काना-मात्रा-हलन्तासकट, ९ अक्षरांच्या सांकेतिक रूपात साठवलं जातं आणि त्या जागेची मर्यादा २०० आहे. म्हणजे जेमतेम २२ चिन्हं. ‘हरिश्चंद्रगड नळीची वाट पावसाळ्यात’ असं शीर्षक दिलं तर पत्ता ‘हरिश्चंद्रगड-नळीची-वाट-प’ इथे तुटतो. प्रसिद्ध करण्याआधीच पर्मालिंकमध्ये (लेखाच्या पत्त्याच्या चौकटीत) रोमन लिपीतला दोन-तीन शब्दांचा छोटा पत्ता लिहा. नंतर बदलला तर जुन्या लिंकवरून नव्या पत्त्यावर नेणारा रीडायरेक्ट नीट बसलाय ना, ते तपासावं लागतं. फोटोंच्या फाइलींची नावंही रोमनच ठेवा.

बॅकअपला अपड्राफ्टप्लस. डेटाबेस रोज, फाइली आठवड्याला, चार प्रती, आणि त्या गूगल ड्राइव्हवर. सर्व्हरवरच ठेवलेला बॅकअप सर्व्हरबरोबरच जातो. वर्डप्रेसची वेळापत्रकं कुणी साइटवर आलं की हलतात, त्यामुळे नव्या, कमी वर्दळीच्या ब्लॉगवर रोजचा बॅकअप चुकू शकतो. होस्टिंगच्या पॅनेलमधून क्रॉन (ठरल्या वेळी आपोआप चालणारं काम) लावून घ्या.

स्पॅमसाठी अँटिस्पॅम बी. अकिस्मेटची मोफत योजना फक्त वैयक्तिक, बिनव्यापारी साइटला आहे, आणि तुम्ही हॉटेलांच्या अ‍ॅफिलिएट लिंक देणार आहात. संपर्कासाठी कॉन्टॅक्ट फॉर्म ७ चालेल, पण तो संदेश साठवत नाही. मेल हरवला की निरोप हरवला, म्हणून सोबत संदेश साठवणारा फ्लेमिंगो हवाच.

यापलीकडे काही हवंसं वाटलं तर प्लगइनच्या पानावर शेवटचं अपडेट कधीचं आहे ते बघा. वर्डप्रेसच्या शेवटच्या तीन मोठ्या आवृत्त्यांवर तपासलेला नाही अशी पिवळी सूचना असेल तर सोडून द्या. बसवाल तेव्हा आधी बॅकअप, मग एका वेळी एकच, आणि मोबाइल डेटावर तुमचा सगळ्यात जड लेख उघडून बघा. साइट पांढरी पडली तर आधी अ‍ॅडमिनचा मेल बघा, रिकव्हरी मोडची (बिघडलेला प्लगइन बाजूला ठेवून लॉगिन देणारी) लिंक तिथे येते. मेल आलाच नाही तर फाइल मॅनेजरमध्ये त्या प्लगइनच्या फोल्डरचं नाव बदला. तो बंद पडतो आणि लॉगिन परत मिळतं.