हातात किती पडतात, ते आधी विचारा
वाचकांचे प्रश्न: पतसंस्था, बचत गट आणि छोटं कर्ज

प्रश्न: मी अशोक चौकाजवळच्या यंत्रमाग कारखान्यात कामाला आहे. पगार रोखीने मिळतो, पगारपत्रक नाही. मुलीच्या नर्सिंगच्या प्रवेशासाठी 50,000 रुपये हवेत. एक पतसंस्था 12 टक्के सांगते, दुसरी 14 टक्के. मुदत दोन्हीकडे 24 महिने. 12 टक्केवाली घेतलेली बरी ना?
(यंत्रमाग कामगार, सोलापूर)

उत्तर: लगेच ठरवू नका. हे 12 टक्के कशावर लावणार, ते आधी विचारा. सुरुवातीच्या पूर्ण मुद्दलावर शेवटपर्यंत व्याज लावलं तर त्याला फ्लॅट म्हणतात. दर महिन्याला जेवढं मुद्दल शिल्लक राहील तेवढ्यावरच लावलं तर तो घटत्या शिलकेचा हिशेब. काउंटरवर दोन्हीला नुसतं 'टक्के' म्हणतात आणि ग्राहक तिथेच फसतो.

तुमच्याच आकड्यांवर पाहू. 50,000 वर फ्लॅट 12 टक्के म्हणजे दोन वर्षांचं व्याज 12,000, एकूण परतफेड 62,000, हप्ता सुमारे 2,583. घटत्या शिलकेवर 14 टक्के असेल तर हप्ता सुमारे 2,401 आणि दोन वर्षांचं व्याज साधारण 7,616. म्हणजे 14 टक्केवालं कर्ज तुम्हाला चार हजारांहून जास्त स्वस्त पडतं. पहिल्या संस्थेचा फ्लॅट दर घटत्या शिलकेच्या भाषेत मांडला तर तो साडेएकवीस टक्क्यांच्या आसपास जातो. तेव्हा दोन्हीकडे एकच कागद मागा: 24 हप्त्यांचा तक्ता, प्रत्येक हप्त्यात मुद्दल किती आणि व्याज किती. तो द्यायला जे टाळाटाळ करतात, त्यांच्याकडून कर्ज घेऊ नका.

दुसरी गोष्ट कपातीची. पतसंस्था सभासदालाच कर्ज देते, म्हणून मंजूर रकमेतून शेअर्सचे पैसे कापते. शिवाय प्रक्रिया शुल्क, फॉर्म, स्टॅम्प, कधी विमा. समजा 50,000 मधून शेअर्सचे 2,500, प्रक्रियेचे 500 आणि स्टॅम्प-फॉर्मचे 500 गेले, तर हातात 46,500 पडतात आणि व्याज मात्र 50,000 वर चालू राहतं. कर्ज फिटल्यावर शेअर्सचे 2,500 परत मिळाले असं धरलं तरी ते 14 टक्क्यांचं कर्ज खरं साडेसतरा टक्क्यांच्या जवळ जातं. शेअर्स अडकून राहिले तर त्याहून महाग. कॉलेजला नेमके 50,000 भरायचे असतील तर अर्जच कपात धरून करावा लागेल. ऐन प्रवेशाच्या दिवशी साडेतीन हजार कमी पडले की माणूस ते खासगी सावकाराकडून उचलतो. काही संस्था छोट्या कर्जदाराला थोडी फी घेऊन नाममात्र सभासद करून घेतात. त्यात मताचा हक्क मिळत नाही, पण शेअर्सची कपात टळते. तशी सोय आहे का, विचारा.

पगारपत्रक नाही म्हणून अडून बसू नका. मालकाचं लेटरहेडवरचं पत्र (किती वर्षं कामाला, महिन्याला किती), बँक पासबुकाची सहा महिन्यांची पानं आणि पीएफ कापला जात असेल तर त्याचा उतारा, एवढ्यावर बहुतेक पतसंस्था अर्ज घेतात. पिग्मी खातं (रोज थोडी थोडी बचत भरायचं) सहा महिने नियमित चाललेलं असेल तर तो तुमच्या कमाईचा सगळ्यात बोलका पुरावा ठरतो. दोन जामीनदार लागतील, त्यातला एक पगारदार असला तर काम लवकर होतं.

आणि हे सगळं करण्याआधी राष्ट्रीयीकृत बँकेत शैक्षणिक कर्जाची चौकशी करून या. मान्यताप्राप्त कॉलेज असेल तर 4 लाखांपर्यंतच्या शैक्षणिक कर्जाला बँकेने तारण मागायचं नसतं, आणि हप्ते साधारणपणे शिक्षण संपल्यावर सुरू होतात. वेळ लागतो, खेटे पडतात, पण मुलीच्या शिक्षणासाठी वैयक्तिक कर्ज हा आमच्या मते शेवटचा पर्याय आहे.

प्रश्न: मी शिक्षक आहे. एका सहकाऱ्याला पगारदार सेवकांच्या पतसंस्थेत जामीन राहिलो. त्याची बदली झाली, हप्ते थकले आणि आता मला 101ची नोटीस आली आहे. 'आधी त्याच्याकडून वसूल करा' असं मी म्हणू शकतो का?
(शिक्षक, मोहोळ तालुका)

उत्तर: म्हणू शकता, पण कायद्याने संस्थेवर तसं बंधन नाही. भारतीय करार कायदा 1872, कलम 128 प्रमाणे जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराइतकीच असते. संस्था दोघांपैकी कुणाकडेही आधी जाऊ शकते, आणि ज्याचा पगार नियमित निघतो त्याच्याकडे ती आधी येते.

तरी सगळं संपलेलं नाही. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम 1960 च्या कलम 101 खाली संस्था निबंधकाकडे (सहकार खात्याचा अधिकारी) वसुली दाखला, म्हणजे थकबाकी वसूल करायचा आदेश, मागते. तुमच्याकडे आलेली नोटीस त्या चौकशीची आहे. तारखेला स्वतः हजर राहा, लेखी म्हणणं द्या आणि कर्जखात्याचा पूर्ण उतारा मागा. उताऱ्यात तीन गोष्टी तपासा. भरलेले सगळे हप्ते जमा दिसतात का? कर्जदाराचे शेअर्स आणि ठेव थकबाकीत वळती केली आहे का? दंडव्याज पोटनियमात (संस्थेच्या स्वतःच्या नियमांत) लिहिलंय तेवढंच लावलंय का? चूक असेल तर ती दाखला निघायच्या आत मांडा. कारण दाखला निघाल्यावर कलम 154 खाली पुनरीक्षण (फेरतपासणीचा) अर्ज करायचा तर आधी एकूण वसुलीयोग्य रकमेच्या 50 टक्के संस्थेत भरावे लागतात. बरेच जण पहिली नोटीस कपाटात टाकतात आणि वसुली अधिकारी जप्तीला आला की वकील शोधतात. तोवर हातातली सोपी वाट गेलेली असते.

तुमच्या प्रकरणात बदली झाली आहे, म्हणून एक गोष्ट लगेच पाहा. पगारदार पतसंस्थेचं कर्ज घेताना कर्जदार पगारातून कपातीचं संमतीपत्र देतो. कलम 49 प्रमाणे त्यावरून कपात करणं पगार काढणाऱ्या कार्यालयावर बंधनकारक असतं. बदलीनंतर संस्थेचं मागणीपत्र नव्या कार्यालयाला गेलेलंच नसतं, हे फार वेळा घडतं. संस्थेला लेखी विचारा: पत्र कोणत्या तारखेला पाठवलं, त्याची पोच कुठे आहे? ते आजच पाठवायला लावलं तर पुढच्या पगारापासून मूळ कर्जदाराचीच कपात सुरू होऊ शकते.

मधे कधी तुमच्या सहीशिवाय ते कर्ज नवं-जुनं केलं का, हेही पाहा. जामीनदाराच्या संमतीविना कर्जाच्या अटी बदलल्या तर त्यानंतरच्या व्यवहारातून तो करार कायद्याच्या कलम 133 प्रमाणे मोकळा होतो. आणि शेवटी पैसे तुम्हालाच भरावे लागले तर प्रत्येक पावती तुमच्या नावाने घ्या. ती रक्कम सहकाऱ्याकडून वसूल करायचा हक्क तुम्हाला आहे, पण पावती त्याच्या नावावर असली तर तो हक्क सिद्ध करता करता दमछाक होईल.

प्रश्न: मी विड्या वळते. आमचा बारा बायकांचा बचत गट आहे. गटात महिना 2 टक्के व्याज आहे. सगळे म्हणतात, बाहेर यापेक्षा स्वस्त मिळतं. मला आजारपणासाठी 5,000 हवेत.
(विडी कामगार, कुंभारी)

उत्तर: ताई, गटातूनच घ्या. महिना 2 टक्के म्हणजे वर्षाला 24, हे ऐकायला जास्त वाटतं. पण 5,000 रुपये सहा महिन्यांत सारख्या मुद्दलाने फेडले आणि व्याज शिलकेवर लावलं तर सगळं मिळून व्याज होतं 350 रुपये. पतसंस्थेत फॉर्म, स्टॅम्प आणि फेऱ्या धरल्या तर एवढे पैसे कर्ज मिळायच्या आधीच जातील. शिवाय ते 350 तुमच्याच गटाच्या निधीत जमा होतात. मोठी रक्कम, लांब मुदत असेल तेव्हा मात्र 2 टक्के जड होतात.

मोठ्या रकमेसाठी गटामार्फत बँकेकडे जा. गट सहा महिने नीट चालला पाहिजे आणि पंचसूत्री पाळली गेली पाहिजे: नियमित बैठक, नियमित बचत, अंतर्गत कर्ज, वेळेवर परतफेड आणि अचूक हिशेब. 'उमेद'मध्ये (राज्याचं ग्रामीण जीवनोन्नती अभियान) नोंदलेल्या ग्रामीण महिला गटांना 3 लाखांपर्यंतचं बँक कर्ज 7 टक्क्यांनी मिळतं. बँकेतला माणूस सगळ्यात आधी बैठकीचं रजिस्टर उघडतो. सहा बैठका एकाच दिवशी एकाच पेनाने लिहिलेल्या त्याला लगेच कळतात.

आणखी दोन गोष्टी. तुमचा पीएफ कापला जात असेल तर आजारपणासाठी त्यातून काही रक्कम काढता येते, आणि ती परत फेडायची नसते. कारखान्याकडून पीएफ क्रमांक घ्या, त्याला आधार आणि बँक खातं जोडलेलं आहे का बघा. दुसरं, शेजारणीला हवंय म्हणून आपल्या नावावर मायक्रोफायनान्सचं कर्ज उचलून देऊ नका. तिने दोन हप्ते चुकवले की दारात तुमच्या नावाने माणसं येतात, आणि कागदोपत्री देणं तुमचंच असतं. असं आधीच झालं असेल तर एवढं लक्षात ठेवा: रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे मायक्रोफायनान्सवाल्यांना सकाळी 9 च्या आधी आणि संध्याकाळी 6 नंतर वसुलीसाठी फोन करता येत नाही की येता येत नाही, आणि दंड फक्त थकलेल्या रकमेवर लावता येतो, पूर्ण कर्जावर नाही.

प्रश्न: माझी भाजीची गाडी आहे. एक जण 10,000 लिहून 9,000 देतो आणि 100 दिवस रोज 100 रुपये नेतो. म्हणतो 10 टक्केच व्याज आहे.
(भाजी विक्रेती, सोलापूर)

उत्तर: हजार रुपये जास्त जातात, पण ते वर्षभरासाठी नाहीत, 100 दिवसांसाठी आहेत, आणि मुद्दल पहिल्या दिवसापासून परत जातंय. वर्षाच्या हिशेबात हा दर 75 टक्क्यांच्या वर जातो. महाराष्ट्रात परवानाधारक सावकारालाही शेतकरी नसलेल्या माणसाकडून विनातारण कर्जावर वर्षाला 18 टक्क्यांपेक्षा जास्त व्याज घेता येत नाही. परवाना नसेल तर तो धंदाच 2014 च्या सावकारी कायद्याखाली गुन्हा आहे, पाच वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. तक्रार तालुक्याच्या सहायक निबंधकाकडे किंवा जिल्हा उपनिबंधकाकडे करायची. रोजच्या वहीची पानं फोटो काढून ठेवा. पुरावा म्हणून बहुधा तेवढंच असतं.

त्याच्याऐवजी महापालिकेत पीएम स्वनिधीची (फेरीवाल्यांसाठीची केंद्राची कर्ज योजना) चौकशी करा. पहिलं कर्ज 15,000, ते फेडलं की 25,000, मग 50,000. तारण नाही, आणि वेळेवर फेडलं की 7 टक्के व्याज अनुदान खात्यात येतं. फेरीवाला ओळखपत्र किंवा महापालिकेचं शिफारसपत्र लागतं.

प्रश्न: एक पतसंस्था म्हणते, कर्ज हवं तर आधी 10,000 ची ठेव ठेवा. ठेवावी का? संस्था चांगली आहे हे कसं ओळखायचं?
(वाचक, बार्शी)

उत्तर: ठेव विम्याचं 5 लाखांचं संरक्षण बँकांतल्या ठेवींना आहे, पतसंस्थेतल्या ठेवींना नाही. म्हणून ठेव ठेवायचीच झाली तर ती कर्जाला तारण म्हणून लिहून घ्या आणि शेवटच्या हप्त्यांत वळती होईल असं कर्जकरारातच नमूद करा. कर्जदार म्हणून तुमचा धोका ठेवीदारापेक्षा कमी असतो, पण ठेव आणि शेअर्स मिळून रक्कम वाढत गेली की तोही ठेवीदाराएवढाच होतो.

संस्थेचा लेखापरीक्षण वर्ग, म्हणजे हिशेब तपासणीत मिळालेली श्रेणी, विचारा. अ किंवा ब असेल तर पुढे बोला. सभासद झाल्यावर सहकारी संस्था अधिनियमाच्या कलम 32 प्रमाणे शेवटचा तपासलेला ताळेबंद आणि पोटनियम बघायचा तुमचा हक्क आहे. वार्षिक सभा 30 सप्टेंबरच्या आत झाली का, तेही विचारा. पाटीवर 'मल्टिस्टेट' (एकाहून जास्त राज्यांत काम करणारी संस्था) असेल तर सोलापूरच्या उपनिबंधकाकडे तिची तक्रार चालत नाही, ती केंद्रीय निबंधकाच्या अखत्यारीत येते. रिझर्व्ह बँकेचा लोकपालही पतसंस्थेची तक्रार घेत नाही.

प्रश्न: माझं कर्ज फिटलं. आता काही करायचं राहतं का?
(वाचक, होटगी रोड)

उत्तर: हो, आणि ते त्याच आठवड्यात करा. बेबाकी दाखला (काही देणं बाकी नाही असा) घ्या, त्यावर कर्जखाते क्रमांक आणि शिल्लक शून्य लिहिलेलं हवं. वचनचिठ्ठी रद्द करून परत मागा. सहीचे कोरे चेक दिले असतील तर क्रमांक जुळवून एकेक परत घ्या. खात्यातून हप्ता आपोआप जात असेल तर बँकेत तो आदेश बंद करा. घरावर बोजा चढवला असेल तर संस्थेचं पत्र घेऊन नगर भूमापन कार्यालयात तो कमी करून घ्या, आणि नवा उतारा हातात आल्याशिवाय काम झालं असं समजू नका. शेअर्स परत हवे असतील तर व्यवस्थापक समितीच्या नावे लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. बेबाकी दाखल्याची एकेक झेरॉक्स दोन्ही जामीनदारांना द्या, त्यांना पुढे कर्ज काढायचं असेल तेव्हा ती लागते.