धूर गाळणाऱ्यांचा धंदा

चिरंजीव,
अनेक आशीर्वाद.

तुझी टिपणं वाचली. धूर आणि सांडपाणी साफ करणारी यंत्रं बनवणाऱ्या त्या कंपनीची उलाढाल, नफा, हातातल्या ऑर्डरी, सगळं नीट मांडलंयस. फक्त तिची यंत्रं विकत घेणारा माणूस कुठे दिसला नाही. मुलाखतीआधी एकदा त्याच्या खुर्चीत बसून बघ.

साखर कारखान्याने मिल वाढवली तर गाळप वाढतं, टर्बाइन घेतलं तर वीज विकता येते. धूर गाळून साखरेचं एक पोतंही जास्त निघत नाही. त्यामुळे हा माल खपतो तो कायद्याच्या धाकाने: १९७४ चा पाण्याचा, १९८१ चा हवेचा, आणि प्रदूषण नियंत्रण मंडळाचं संमतीपत्र. धाक ढिला झाला की ऑर्डर आटते. सोलापूरजवळ फताटेवाडीला एनटीपीसीचे ६६० मेगावॉटचे दोन संच तू येता-जाता बघतेस. अशा कोळशाच्या केंद्रांना धुरातल्या सल्फर डायऑक्साइडची मर्यादा डिसेंबर २०१५ मध्ये घातली गेली, मुदती पुढे सरकत राहिल्या, आणि जुलै २०२५ मध्ये देशातल्या बहुतेक केंद्रांना त्यासाठीच्या संयंत्रातून सूट मिळाली. तुझ्या कंपनीने त्या भरवशावर किती पैसा गुंतवला होता, ते अहवालात शोध.

स्पर्धक म्हणून तू पुण्याच्या थरमॅक्सचं नाव लिहिलंस, ठीक आहे. पण आपल्याकडे भाव पाडतो तो एमआयडीसीतला फॅब्रिकेटर. पत्रा वाकवून, पाण्याचे फवारे बसवून तो वेट स्क्रबर देतो, स्वस्तात. हवेतली राख मग पाण्यात उतरते आणि त्या गाळाचं काय करायचं, हा कारखान्याचा प्रश्न. कापडी पिशव्यांचा बॅग फिल्टर बारीक राख छान धरतो, पण बगॅसच्या, म्हणजे उसाच्या चोथ्याच्या, बॉयलरमधून ठिणगी आली की पिशव्या जळाल्याच म्हणून समज. ईएसपीत (इलेक्ट्रोस्टॅटिक प्रेसिपिटेटर) राख विजेच्या भाराने पत्र्यांना चिकटते. पिशव्यांची भानगड नाही, धूर ओढणाऱ्या पंख्यावर ताणही कमी. किंमत मात्र ऐकून चेअरमन चहा मागवतात आणि विषय बदलतात. तेव्हा चीफ इंजिनिअरला पंख्याच्या दहा वर्षांच्या विजेचा हिशेब मांडून दाखवावा लागतो.

आसवनीचं, म्हणजे अल्कोहोलच्या कारखान्याचं, गणित वेगळं. मळीपासून एक लिटर अल्कोहोल काढताना दहा लिटरच्या आसपास स्पेंटवॉश, म्हणजे सांडपाणी, निघतो. त्यातून बायोगॅस मिळतो, किंवा तो आटवून बॉयलरमध्ये जाळता येतो. म्हणजे घाणीतून इंधन! तिथे गिऱ्हाईक स्वतःहून फोन करतं. आसवन्या उभारणाऱ्या प्राजसारख्या कंपन्यांशी गाठ पडते ती इथे.

आता वसुली. हंगाम संपल्यावर ऑर्डर, पावसाळ्यात उभारणी, आणि बॉयलरच्या अग्निप्रदीपनाआधी काम पुरं. चाचणी मात्र बॉयलर पेटल्यावरच होते, आणि बिलाचे शेवटचे दहा टक्के तिच्यावर अडकलेले असतात. माझ्या पहिल्याच कामात मी ओल्या बगॅसचा हिशेब धरला नव्हता. चाचणी नापास झाली, पैसे दोन हंगाम अडकले. चूक माझीच होती, पण पगार कामगारांचे थकले.

म्हणून तुझ्या कंपनीची येणी किती दिवसांची आहेत आणि सुटे भाग, देखभाल यांतून किती उत्पन्न येतं, एवढं काढ. मोठ्या ऑर्डरीची बातमी मी त्यानंतर वाचतो.

रविवारी ये. येणेबाकीचं पान छापून आण, मोबाइलवरचे आकडे मला आता दिसत नाहीत.

तुझा,
काका