स्वतःच्या मर्जीने परदेशी गेलेल्यांना युद्धातून सोडवून आणणं हे सरकारचं कर्तव्य कसं काय?

माझ्या मते हे कर्तव्यच आहे. तुमचं म्हणणं थोडक्यात असं: शिकायला, कमवायला ही माणसं आपल्या मर्जीने गेली, मग तिथे युद्ध पेटलं तर त्यांना आणायचा भार इथल्या करदात्याने का उचलायचा? मी बेलापूरला बोटीवर जाणाऱ्या मुलांची कागदपत्रं बघण्याचं काम करतो आणि नेरुळला राहतो. उरण-पनवेलपासून खाली रत्नागिरीपर्यंत गावोगावी कुणी ना कुणी बोटीवर किंवा आखातात असतं. त्यामुळे हा प्रश्न माझ्या टेबलावर येतच असतो.

अडकलेल्या माणसाची अडचण तिकिटाचे पैसे हीच असते असं नाही. २४ फेब्रुवारी २०२२ ला युक्रेनचं आकाश बंद झालं आणि कीव्हला निघालेलं एअर इंडियाचं विमान वाटेतूनच मागे फिरलं. ज्यांच्या हातात पुढच्या दिवसांची तिकिटं होती त्यांना त्यांचा काडीचा उपयोग झाला नाही. युक्रेनच्याच सुमी शहरात अडकलेली सुमारे ७०० मुलं ८ मार्चला बसने बाहेर पडली, तीही रशिया आणि युक्रेन या दोघांशी वरच्या पातळीवर बोलणी झाल्यावर. २०१५ मध्ये येमेनच्या आकाशावर सौदीचा ताबा होता. आपली विमानं राजधानी सानाला उतरत ती सौदीने दिलेल्या ठराविक तासांत, आणि एडन बंदरातून माणसं काढायला नौदलाच्या बोटी गेल्या. १९९० मध्ये इराकने कुवेत बळकावल्यावर परराष्ट्रमंत्री इंद्रकुमार गुजराल बगदादला जाऊन सद्दाम हुसेनना भेटले, आणि कुवेतमधली दीड लाखाहून जास्त माणसं जॉर्डनच्या अम्मानमार्गे घरी आली. यातलं काय कुणाच्या आईबापांना पैसे टाकून विकत घेता आलं असतं? गोळीबार थांबवून वाट मागणं, परक्या देशाची हद्द उघडून घेणं, पासपोर्ट गमावलेल्याला घरी येण्यापुरता कागद करून देणं, ही कामं सरकारशिवाय कुणालाच करता येत नाहीत. जीव ज्यावर अवलंबून आहे आणि एकट्याने जे होऊच शकत नाही, त्यासाठीच तर आपण सरकार नेमतो.

घरातला पासपोर्ट काढून आतलं पहिलं पान वाचा. राष्ट्रपतींच्या नावाने तिथे इतर देशांना सांगितलेलं आहे की या व्यक्तीला विनाअडथळा जाऊ द्या आणि तिला लागेल ती सर्व मदत आणि संरक्षण द्या. परक्या सरकारकडे आपण जे मागतो ते आपल्याच सरकारकडे मागणं गैर कसं?

आता कायद्याचं. इथे तुमच्या बाजूने बोलण्यासारखं बरंच आहे. दूतावासातील कामकाजाबद्दलचा १९६३ चा व्हिएन्ना करार आपल्या नागरिकांना मदत करणं हे वाणिज्य दूतावासाचं काम म्हणून नोंदवतो, पण तो करार देशादेशांतला आहे. 'मला सोडवून आणा' असं म्हणत नागरिकाला हक्काने कोर्टात उभं राहता येईल असा स्वतंत्र कायदा भारतात नाही. युक्रेनच्या वेळी लोक सर्वोच्च न्यायालयात गेले तेव्हा सरन्यायाधीशांनी विचारलं होतं, आम्ही पुतिन यांना युद्ध थांबवायचा आदेश देऊ का? ब्रिटनही अशी मदत हा कायदेशीर हक्क मानत नाही. जर्मनीत मात्र १९७४ पासून कायदा आहे: संकटातल्या नागरिकाला मदत करायची, आणि झालेला खर्च नंतर त्याच्याकडून मागता येतो. मला ही रचना पटते, कारण तिच्यात आधी जीव वाचतो आणि हिशेब नंतर होतो. अमेरिकाही बाहेर काढलेल्या माणसाकडून परतफेडीच्या कागदावर सही घेते. आपण युक्रेनच्या वेळच्या 'ऑपरेशन गंगा'त मुलांना फुकट आणलं, तर २०२० च्या, कोविडमधल्या 'वंदे भारत' मोहिमेत प्रवाशांनी भाडं भरलं. म्हणजे पैसे कोणी द्यायचे हा वाद वेगळा ठेवता येतो. आणि करदात्याच्या पैशांचंच म्हणाल, तर भारतीय दूतावासांकडे २००९ पासून एक भारतीय समुदाय कल्याण निधी आहे. परदेशात पासपोर्ट-व्हिसाच्या कामांवर घेतलेल्या छोट्या शुल्कातून तो उभा राहतो. लिबिया, इराक, येमेनमधून माणसं काढताना तोही वापरला गेला. परदेशी राहणारे लोक त्यात आधीच पैसे भरत असतात.

माझ्या क्षेत्राबद्दल जरा जास्त लिहितो, कारण टीव्हीवर विद्यार्थी दिसतात, खलाशी दिसत नाहीत. बोटीवरच्या माणसाला 'मर्जीने गेला' हे लागूच पडत नाही. तो कॉन्ट्रॅक्टवर सही करतो. बोट कुठे जाणार हे दुसरेच ठरवतात. झेंडा, म्हणजे बोटीची नोंदणी, पनामाची, मालक ग्रीसचा, मॅनेजमेंट सिंगापूरची, आणि पोरगा अलिबागचा. एप्रिल २०२४ मध्ये इराणने होर्मुझजवळ 'एमएससी एरीज' ही मालवाहू बोट ताब्यात घेतली तेव्हा २५ जणांपैकी १७ भारतीय होते. त्यांचा इराण-इस्रायलच्या भांडणाशी काय संबंध? २०२२ मध्ये युक्रेनच्या मिकोलाइव बंदरात ७५ भारतीय खलाशी अडकले होते. दूतावासाने बस पाठवल्या, आणि पहिल्या खेपेत आपल्या लोकांबरोबर लेबनॉन आणि सीरियाचे खलाशीही बाहेर काढले. हे वाचून मला फार बरं वाटलं होतं.

नियमाने खलाशाला घरी पोचवायची पहिली जबाबदारी बोटीच्या मालकाची असते. २००६ चा सागरी श्रम करार तसं म्हणतो आणि भारताने तो २०१५ मध्ये स्वीकारला. मालकाने हात वर केले तर ज्या देशाचा झेंडा आहे त्याची जबाबदारी. त्यानेही केलं नाही तर बंदराचा देश किंवा खलाशाचा स्वतःचा देश त्याला घरी पाठवू शकतो आणि खर्च झेंड्याच्या देशाकडून वसूल करू शकतो. कागदावर सगळं आहे. प्रत्यक्षात मालक फोन उचलत नाही, झेंड्याचा देश ईमेलला उत्तर देत नाही, आणि घरचे लोक माझ्यासमोर खुर्चीवर बसून विचारतात, "दादा, कुणाला भेटू?"

मला सगळ्यात जास्त चीड येते ती याच्याही आधीच्या टप्प्याची. आमच्याकडे खोटे एजंट आहेत. परवाना नसताना ऑफिस थाटायचं, कोकणातल्या पोरांकडून लाखांत पैसे घ्यायचे आणि टुरिस्ट व्हिसावर इराणला किंवा दुबईला पाठवून कुठल्यातरी जुनाट बोटीवर चढवायचं. त्या पोराची नोंद ना नौवहन महासंचालनालयाकडे, ना दूतावासाकडे. उद्या तिथे बॉम्ब पडले तर सरकार शोधणार कुणाला? आखातात जाणाऱ्या कमी शिकलेल्या कामगारांसाठी निदान एक व्यवस्था आहे: दहावी न झालेल्यांना १८ देशांत नोकरीला जाताना सरकारी परवानगी आणि विमा लागतो. त्या यादीत इराण नाही, युक्रेन नाही, आणि विद्यार्थी तर या व्यवस्थेत येतच नाहीत. माझ्या दृष्टीने सरकारचं कर्तव्य इथूनच, बेलापूरच्या अशा ऑफिसाला टाळं लावण्यापासून सुरू होतं.

त्यानंतर येतो वेळेवर आणि स्पष्ट इशारा. फेब्रुवारी २०२२ मध्ये अमेरिकेने आपल्या लोकांना ४८ तासांत युक्रेन सोडा असं सांगितलं. आपल्या दूतावासाने १५ तारखेला कळवलं की राहणं आवश्यक नसेल तर तात्पुरतं निघायचा विचार करावा. हजेरीची भीती असलेला विद्यार्थी 'विचार करावा' वाचून थांबणारच. विद्यापीठांशी बोलून वर्ग ऑनलाइन करून घेणं आणि 'निघा' असं सांगणं, हेही कर्तव्यात मोडतं.

सरकारला सगळेच वाचवता येणार नाहीत, हे मला मान्य आहे. पण तेव्हाही घरच्यांना खरं कळणं हा त्यांचा हक्क उरतो. २०१४ मध्ये इराकच्या मोसुलमधून पळवलेल्या ३९ भारतीयांच्या कुटुंबांना ते मारले गेल्याचं नक्की कळायला मार्च २०१८ उजाडला. इतकी वर्षं दाराकडे डोळे लावून बसणं काय असतं, हे बोटीवरच्या माणसाच्या घरी विचारा.

तुमच्या ओळखीतलं कुणी निघालं असेल तर एजंटचा परवाना सरकारी वेबसाइटवर तपासायला सांगा. पोचल्याच्या आठवड्यात दूतावासात नाव नोंदवायला लावा, आणि पासपोर्ट, सीडीसी (खलाशाचं नोंदणी-पुस्तक), कॉन्ट्रॅक्टच्या प्रती घरी ठेवून घ्या. प्रसंग आलाच तर परराष्ट्र मंत्रालयाच्या 'मदद' पोर्टलवर लेखी तक्रार टाका, नुसत्या फोनवर थांबू नका. तक्रारीला नंबर मिळतो, आणि तो नंबर हातात असला की खासदाराच्या ऑफिसातही तुमचं ऐकून घेतात.